अनाथ : एका शब्दाचा भार

रायपूर शहरात शंकर नगर नावाची वस्ती आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि मंत्र्यांच्या बंगल्यांची वस्ती म्हणून शंकर नगरचे नाव वृत्तपत्रांतून येऊ लागले. वस्तीला देवाचे नाव असणे यात नवल काहीच नाही. परंतु ज्या देवाचे हे नाव आहे, त्याच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शंकराला आईबाप नाहीत. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पाचव्या सर्गात एक बटू तपश्चर्या करणाऱ्या पार्वतीजवळ येतो आणि तिने मनाने वरलेल्या वराचे दोष मोजून दाखवतो. त्याचे रूप विचित्र, संपत्ती शून्य, आणि जन्माचा तर पत्ताच नाही, असे तो म्हणतो. हे बोलणारा बटू म्हणजे वेषांतर केलेला शंकरच असतो, हा त्या प्रसंगातला विनोद. मात्र बटूचे विधान खोटे नाही. कुळ नाही, गोत्र नाही, मायबाप नाहीत. तरीही लोकांनी त्याला अनाथ म्हटले नाही. विश्वनाथ म्हटले, भोलानाथ म्हटले.

आईवडील नसलेले मूल म्हणजे अनाथ, ही आजची रूढ समजूत प्रमाण मानली, तर जगाचा नाथच अनाथ ठरतो. ही विसंगती केवळ शाब्दिक नाही. ‘अनाथ’ हा शब्द मुळात जन्माविषयी किंवा मृत्यूविषयी काही सांगत नव्हता, हे तीतून सूचित होते. तो सांगत होता ते एका संबंधाविषयी : कोण कोणाच्या आश्रयाला आहे आणि कोणाला कोणाचाच आश्रय नाही. हा संबंध हळूहळू विसरला गेला आणि शब्द एका प्रकारच्या मुलाचे विशेषण होऊन बसला. या विस्मरणात काही गमावले आहे काय, आणि ज्याला हे विशेषण चिकटते त्याच्यावर ते काय लादते, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहणे योग्य. संस्कृत धातुपाठात ‘नाथ्’ या धातूचे चार अर्थ दिलेले आहेत : याचना, उपताप, ऐश्वर्य आणि आशीर्वाद. मागणे आणि सत्ता गाजवणे, पोळणे आणि शुभ चिंतणे, हे सारे एकाच धातूच्या पोटात आहे. ज्याच्यापाशी मागावे तो नाथ. म्हणून मागणारा आणि देणारा यांची गाठ शब्दाच्या जन्मापासूनच पडलेली. नाथ म्हणजे रक्षणकर्ता, तसाच स्वामीही. पत्नीच्या तोंडी ‘प्राणनाथ’ येतो, प्रजेच्या तोंडी ‘नरनाथ’ येतो, भक्ताच्या तोंडी ‘अनाथांचा नाथ’ येतो. प्रत्येक ठिकाणी आधार आणि अधिकार एकमेकांत मिसळलेले आहेत. छत्तीसगढात कानांवर पडणाऱ्या हिंदीत ‘नाथना’ म्हणजे बैलाला वेसण घालणे. त्या शब्दाचे मूळ वेगळे, नाकाशी जोडलेले आहे. परंतु हा उच्चारांचा योगायोग बोलका आहे. जो सांभाळतो त्याच्या हाती दोर असतो.

मराठीत या शब्दाचे शेजारी पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचे घर वेगळे आहे. ‘पोरका’ हा शब्द मायेच्या अभावाविषयी बोलतो. आई गेली की मूल पोरके होते, मग वडील धडधाकट का असेनात. आणि पन्नाशीतला माणूससुद्धा आईच्या निधनानंतर स्वतःला पोरका म्हणवतो. ‘निराधार’ हा शब्द उपजीविकेविषयी बोलतो. ‘बेवारस’ हा मालकीविषयी बोलतो. तो प्रेताला लागतो, सामानाला लागतो आणि दुर्दैवाने मुलालाही लागतो. ‘अनाथ’ हा यांपैकी कोणत्याही अर्थाशी तंतोतंत जुळत नाही. पोरकेपण ही आतली भावना आहे. अनाथपण ही बाहेरची स्थिती आहे. मी पोरका आहे असे मनुष्य स्वतः म्हणतो. अमुक मूल अनाथ आहे असे बहुधा दुसरे कोणी तरी म्हणते.

पश्चिमेकडील भाषांत ‘ऑर्फन’ हा शब्द ग्रीकांकडून आला. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्याच कुळातले संस्कृत ‘अर्भ’ आणि मराठीतील ‘अर्भक’ हे शब्द मानले जातात. जर्मन भाषेतला वारशाचा वाचक शब्द याच कुळातला. स्लाव भाषांतला वेठबिगारीचा शब्दही याच कुळातला. त्यावरूनच चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून ‘रोबो’ जगभर पसरला. एका घरातून बाहेर पडून दुसऱ्याच्या ताब्यात जाणे, असे काहीसे या धातूचे मूळ सूचन असावे असे मानतात. म्हणजे लहानपण, वारसा आणि दास्य हे तिन्ही एका मुळाचे फाटे आहेत. भारतीय शब्द नाथाच्या अभावाकडे पाहतो, युरोपीय शब्द हस्तांतराकडे पाहतो. मात्र दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : हे मूल आता कोणाचे?

या प्रश्नाचे एक मार्मिक उदाहरण रायपूरच्या साहित्येतिहासातच सापडते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. त्या परंपरेत वाढलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. तिन्ही नावे मराठी, मासिक हिंदी. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे ते हेच; १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते.

कथा पान-दीड पानाची आहे. जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी आहे. तिचा नवरा आणि एकुलता एक मुलगा याच झोपडीत वारले. सूनही पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून गेली. आता ही नात हाच म्हातारीचा आधार. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे असते. म्हातारी झोपडी सोडत नाही, तेव्हा तो वकिलांना पैसे चारून न्यायालयातून ताबा मिळवतो आणि तिला बाहेर काढतो. नात खाणेपिणे सोडते; आपल्या घरी चल, तिथेच जेवेन, असा तिचा हट्ट असतो. म्हातारी एके दिवशी टोपली घेऊन येते आणि चुलीसाठी झोपडीतली टोपलीभर माती मागते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावण्याची विनवणी करते. त्याला ती जागची हलत नाही. एका टोपलीचा भार उचलवत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. जमीनदार ओशाळतो आणि झोपडी परत करतो.

या कथेत ‘अनाथ’ हा शब्द येतो. तो कोणासाठी येतो हे पाहण्यासारखे आहे. आजचा वाचक तो पाच वर्षांच्या मुलीसाठी असेल असे गृहीत धरेल. तिला आई नाही, बाप नाही. पण सप्रे तिला अनाथ म्हणत नाहीत. न्यायालयाच्या आदेशाने घराबाहेर पडलेल्या आजीला ते अनाथ म्हणतात. लेखणीची ही चूक नव्हे. ही त्या काळची भाषा आहे. जिला पती नाही, पुत्र नाही आणि म्हणून ज्यांच्याशी भांडायचे त्यांच्यापुढे उभे राहील असे कोणी नाही, ती अनाथ. मुलीला आजी होती, म्हणून ती सनाथ होती.

त्याच वर्षांत पुण्यात हा शब्द याच अर्थाने संस्थेच्या पाटीवर चढला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी मंडळी स्थापन केली. पुढे हिंगण्याच्या माळावर जो आश्रम वाढला त्याचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’. इंग्रजीत तीच संस्था ‘हिंदू विडोज होम’ म्हणून ओळखली जाई. इंग्रजी नाव वैधव्य उघड सांगते, मराठी नाव ते ‘अनाथ’ या शब्दाच्या पदरात झाकते. त्या बालिकांपैकी पुष्कळींचे आईवडील हयात असत. मुलीला आश्रमात आणून सोडणारे हात कित्येकदा बापाचेच असत. तरी भाषेच्या लेखी ती अनाथ होती, कारण तिचा नाथ मेला होता. पिता जिवंत असताना कन्येला अनाथ म्हणणारा हा शब्दप्रयोग स्त्रीच्या स्थितीविषयी कोणत्याही निबंधाहून अधिक सांगून जातो.

याच दशकात दुष्काळाने हा शब्द आणखी रुंद केला. पंडिता रमाबाईंनी स्वतः १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराश्रित मुली व तरुण विधवा यांना घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार यातूनच झाला. रायपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. १८९९-१९०० च्या दुसऱ्या दुष्काळात धमतरीला नुकतेच आलेल्या अमेरिकन मेनोनाइट मिशनने अनाथालय उघडले. सप्रे यांची कथा या दुष्काळानंतर लगेचची आहे. पाच वर्षांची मुलगी आणि अन्न नाकारणे या गोष्टी त्या वेळच्या छत्तीसगढी वाचकाला केवळ कल्पनेतल्या वाटल्या नसतील.

यानंतर शब्दाचा अर्थ आकसत गेला. विधवांसाठी शिक्षण, नोकरी आणि पुनर्विवाह यांच्या वाटा जसजशा खुल्या झाल्या, तसतसे स्त्रीला नाथाच्या असण्या-नसण्यावरून ओळखणे सभ्य भाषेला जड वाटू लागले. हिंगण्याच्या संस्थेच्या नावातून ‘अनाथ’ गेला आणि ‘स्त्री शिक्षण’ आले. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेले ‘अनाथ विद्यार्थी गृह’ पुढे ‘पुणे विद्यार्थी गृह’ झाले. शब्द प्रौढांवरून उतरला आणि फक्त मुलांवर राहिला. विधवेने तो झटकला, कारण तिला बोलता येऊ लागले. ज्याला स्वतःविषयी बोलता येत नाही, त्याच्यावर तो कायम राहिला.

मात्र जुना अर्थ पुसला गेला नाही. त्याने सरकारी वेष घेतला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९६४ च्या सुमारास रायपूरजवळ माना येथे विस्तीर्ण छावणी उभी राहिली. तेथून कुटुंबे दंडकारण्याकडे पाठवली जात. जमीन कसू शकेल असा कर्ता पुरुष ज्या कुटुंबात होता, त्याचे पुनर्वसन करता येई. विधवा, वृद्ध, अपंग आणि अनाथ मुले यांच्यासाठी त्या काळच्या पुनर्वसन खात्याच्या भाषेत एक वर्ग होता : ‘पर्मनंट लायबिलिटी’, म्हणजे कायमचा भार. संस्कृत शब्दाने जे नाथाच्या अभावातून सांगितले, ते कार्यालयीन भाषेने हिशेबाच्या वहीतून सांगितले. दोन्हींमध्ये माणूस त्याच्याजवळ जे नाही त्यावरून मोजला गेला.

येथे सप्रे यांच्या कथेतील टोपली पुन्हा आठवावी. भार हा शब्द तेथेही आहे, पण त्याची दिशा उलट आहे. खात्याच्या लेखी अनाथ हा समाजावरचा भार आहे. म्हातारीच्या लेखी अनाथाचे जे हिरावले गेले, ते हिरावणाऱ्यावरचा भार आहे. नैतिक प्रश्नाचे मर्म या उलट्या दिशेत आहे. अनाथपण हे कोणावर पडलेले ओझे आहे, ज्याला नाथ नाही त्याच्यावर, की ज्यांनी त्याला नाथाशिवाय जगणे अशक्य करून ठेवले त्यांच्यावर?

एक आडवा प्रश्न येथे विचारला पाहिजे. मुळात प्रत्येकाला नाथ असावाच का? जैनांच्या ‘उत्तराध्ययन सूत्रा’च्या विसाव्या अध्ययनात याविषयी एक संवाद आहे. मगधाचा राजा श्रेणिक उद्यानात एका तरुण मुनीला पाहतो आणि ऐन तारुण्यात घर का सोडलेस असे विचारतो. मी अनाथ होतो, असे मुनी सांगतो. राजा हसून म्हणतो की, मग मी तुझा नाथ होतो. यावर मुनी म्हणतो की, राजा, तू स्वतःच अनाथ आहेस. तू दुसऱ्याचा नाथ कसा होणार? मग तो आपली हकीकत सांगतो. कौशांबीच्या धनाढ्य घरात तो वाढला. एकदा डोळ्यांत भयंकर वेदना उठली. बापाने धन ओतले, आई रडली, भाऊ-बहिणी जवळ बसून राहिल्या, पत्नीने अन्न सोडले. वेदना कोणालाच वाटून घेता आली नाही. सारे असूनही कोणी काही करू शकले नाही, हेच त्याचे अनाथपण होते. बौद्ध परंपरेतही मनुष्य स्वतःच स्वतःचा नाथ आहे असा विचार आढळतो. पण त्याच परंपरेने श्रावस्तीच्या सुदत्त श्रेष्ठीला ‘अनाथपिंडिक’ ही पदवी आदराने दिली. अनाथांना घास देणारा असा तिचा अर्थ. एका हाताने ही परंपरा नाथ या कल्पनेचा भ्रम दूर करते आणि दुसऱ्या हाताने भुकेल्याला अन्न देते. त्यांतील एक हात दुसऱ्याला खोटे ठरवत नाही.

मुनीचे उत्तर गहन आहे, परंतु त्याचा आधार घेऊन एक सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मृत्यूपुढे सारेच अनाथ आहेत, मग एखाद्या मुलाला वेगळे काढून अनाथ कशाला म्हणायचे? हा निष्कर्ष फसवा आहे. कौशांबीच्या त्या तरुणाची वेदना कोणी वाटून घेऊ शकले नाही. पण वैद्य बोलावला गेला, पाणी दिले गेले, रात्र जागवली गेली. वेदनेत एकटे असणे आणि वेदनेत दारात कोणीच नसणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले अनाथपण माणूस असण्याचा भाग आहे. दुसरे माणसांनी घडवलेले आहे आणि माणसांनाच दूर करता येते. पहिल्याचे तत्त्वज्ञान सांगून दुसऱ्याची जबाबदारी टाळणे ही तत्त्वज्ञानाची फसवणूक होय.

मराठी परंपरेला हा भेद ठाऊक होता. आळंदीच्या चार भावंडांची कथा हेच सांगते. परंपरेनुसार विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि मुले मागे राहिली. पण लोकांनी त्यांना जे हिणवले ते ‘अनाथ’ म्हणून नव्हे, ‘संन्याशाची पोरे’ म्हणून. आईबाप गेल्यामुळे ती वाळीत पडली नाहीत. ती वाळीत पडली होती म्हणून आईबाप गेले. त्या चौघांत थोरल्याने गुरूची जागा घेतली आणि त्याच्या नावातच नाथ आहे : निवृत्तिनाथ. एका पोरक्या मुलाने तीन पोरक्यांचा नाथ व्हावे, ही घटना महाराष्ट्राने चमत्कार म्हणून स्मरणात ठेवली. भिंत चालवण्याहून हा चमत्कार मोठा म्हणावा लागेल.

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी हा भेद कृतीत आणला. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे येणाऱ्या विधवांची मुले आजच्या अर्थाने अनाथ नव्हती. त्यांच्या माता त्याच छपराखाली होत्या. त्या माता आणि मुले यांच्यामध्ये मृत्यू उभा नव्हता, लोकलाज उभी होती. फुले दांपत्याने त्यांपैकी काशीबाई या विधवेच्या मुलाला दत्तक घेतले, यशवंत हे नाव दिले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णसेवा करताना मृत्यू पावल्या, तेव्हा त्या सेवेत तोही होता. फुल्यांनी मुलाचे नाथ होण्याआधी, मुलाला अनाथ करणारी जी व्यवस्था होती तिच्याकडे बोट दाखवले. दयेला जेथे मुलाचे दुःख दिसते, तेथे त्यांना त्याचे कारण दिसले.

तरीही व्यवहाराला व्याख्या लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा कायदा जैविक वा दत्तक आईवडील किंवा कायदेशीर पालक नसलेल्या बालकाला अनाथ म्हणतो. एवढेच म्हणून तो थांबत नाही. ज्याचा कायदेशीर पालक त्याला सांभाळण्यास तयार नाही किंवा समर्थ नाही, असे बालकही अनाथ होय, असे तो सांगतो. युनिसेफची मोजणी वेगळी आहे. तीत एक पालक गेलेले मूलही येते. त्यामुळे २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले असल्याचा अंदाज दिला गेला, आणि त्यांत दोन्ही पालक गमावलेली मुले जेमतेम दीड कोटी होती. एकाच शब्दाच्या दोन वापरांत जवळजवळ नऊ पटींचे अंतर आहे. उरलेल्या बहुसंख्य मुलांचे कोणी ना कोणी जिवंत आहे. त्यांना आश्रमाची गरज आहे की त्या जिवंत पालकाला आधाराची, हे ठरवताना व्याख्या निर्णायक ठरते. शब्द सैल झाला की अनाथालये भरतात आणि घरे रिकामी होतात.

कायद्याची व्याख्या सप्रे यांच्या कथेला लावून पाहिली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्या मुलीची आजी झोपडीत असेपर्यंत पालक होती, समर्थ होती. चूल पेटत होती. झोपडी गेली, चूल गेली, आणि आजी असमर्थ झाली. म्हणजे मुलीला कायद्याने अनाथ ठरवणारी घटना आईबापांचा मृत्यू ही नसून जमिनीचा ताबा ही ठरेल. मृत्यूने तिला पोरके केले होते. अनाथ तिला न्यायालयाचा कागद करील. सप्रे यांनी आजीला लावलेला शब्द कायद्याच्या वाटेने नातीपर्यंत असा उतरतो. पुढे हेच न्यायालय त्याच मुलीच्या कल्याणाचे आदेश देऊ शकेल, आणि दोन्ही कागद कायदेशीर असतील.

शब्दाचा व्यवहार आता आणखी एका वळणावर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. पुढच्या शासन निर्णयांतून संस्थेत वाढलेली मुले आणि नातेवाइकांकडे वाढलेली मुले यांच्या पात्रतेचे नियम बदलत गेले. संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणाजवळ बहुधा जातीचा दाखला नसतो, गावाचा पत्ता नसतो, कधी आडनावही कोणी तरी दिलेले असते. त्याला आता एक प्रमाणपत्र मिळते, त्यावर लिहिलेले असते की हा अनाथ आहे. शाळेत जो शब्द कानी पडला की मान खाली जाई, तोच शब्द कचेरीत मान वर करून दाखवावा लागतो. या विरोधाभासाला हसणे सोपे आहे. पण त्यात एक न्याय आहे. पूर्वी तो शब्द ऐकून लोक दया करीत. आता तो शब्द दाखवून हक्क मागता येतो. दयेच्या वेळी शब्द देणाऱ्याच्या मालकीचा असतो; हक्काच्या वेळी तो ज्याला लागतो त्याच्या मालकीचा होतो. विधवेने तो टाकून स्वातंत्र्य मिळवले. अनाथ तरुण तो हाती घेऊन मिळवू पाहतो. दोन्ही मार्ग खरे आहेत, आणि कोणता केव्हा घ्यावा हे बाहेरच्याने ठरवू नये.

म्हणूनच हा शब्द भाषेतून काढून टाकावा, ही सूचना सद्हेतूची असली तरी अपुरी आहे. छत्तीसगढ शासनाने २०२१ साली कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी जी योजना आणली, तिचे नाव ‘महतारी दुलार’. महतारी म्हणजे छत्तीसगढीत आई; दुलार म्हणजे लाड. नावात अनाथ नाही, आई आहे. नाव गोड आहे आणि मुलाला ते सांगताना लाज वाटणार नाही, ही त्याची थोरवी. परंतु शासन शिष्यवृत्ती देऊ शकते, लाड करू शकत नाही. नाव जेवढे मायेचे, तेवढी संस्थेच्या मर्यादेवर पडणारी सावली दाट. शब्द बदलल्याने जखम भरत नाही. फक्त ती कोणाच्या नजरेला पडते हे बदलते.

मायेच्या भाषेची किंमत काय असते, हे सिंधुताई सपकाळ (१९४८-२०२२) यांच्या आयुष्यातून दिसते. लोकांनी त्यांना ‘अनाथांची माय’ म्हटले. त्या स्वतः सासरहून हाकलल्या गेलेल्या, माहेरी न घेतल्या गेलेल्या. जुन्या भाषेत अनाथ. आश्रयाला आलेल्या मुलांत आणि आपल्या मुलीत भेदभाव होऊ नये म्हणून त्यांनी पोटच्या मुलीला पुण्यातील एका न्यासाकडे वाढण्यासाठी दिले, ही त्यांच्या चरित्रातील सर्वज्ञात गोष्ट आहे. हा त्याग म्हणून गौरवला जातो, आणि तो त्याग आहेच. पण त्यातला प्रश्न गौरवाने सुटत नाही. अनेकांना आई मिळावी म्हणून एकीने आईपासून दूर राहावे, हा हिशेब ज्या समाजात एका बाईला एकटीने मांडावा लागतो, त्या समाजातील इतरांच्या वहीत काय लिहिले आहे? ‘माय मरो आणि मावशी जगो’ अशी मराठीत म्हण आहे. ती आईचा अनादर करीत नाही. एका आईवर सारे अवलंबून ठेवू नये, घराभोवती मावश्या असाव्यात, असे तिचे व्यवहारी शहाणपण आहे. मावश्या उरल्या नाहीत की एका बाईला हजारोंची माय व्हावे लागते.

या सर्वांतून शब्दाविषयी एक निष्कर्ष निघतो. ‘अनाथ’ हे मुलाचे वर्णन म्हणून अपुरे आणि अनेकदा अन्यायकारक आहे. कारण मूल काय आहे हे ते सांगत नाही, त्याच्याभोवती काय नाही एवढेच सांगते. मूल हुशार असते, हट्टी असते, गाणे म्हणते, माती खाते. यांतील काहीच या शब्दात मावत नाही. परंतु भोवतालचे वर्णन म्हणून तो अचूक आहे. एखाद्या गावात एक मूल अनाथ आहे, हे विधान मुलाविषयी कमी आणि गावाविषयी अधिक सांगते. उच्चारणाऱ्याने तो मुलाकडे बोट करून न उच्चारता स्वतःच्या वस्तीच्या खात्यावर मांडला, तर शब्दाचा डंख जातो आणि उपयोग राहतो. आणि नाथ होण्याची घाई करणाऱ्याने कथेतला जमीनदार आठवावा. शेवटी झोपडी परत देऊन तोही म्हातारीचा नाथच झाला होता. जो हिरावू शकतो तोच देऊ शकतो, अशी व्यवस्था त्या पश्चात्तापानंतरही तशीच राहिली.

कथेत आणखी एक जण आहे, ज्याच्याकडे वाचकाचे लक्ष जात नाही. झोपडीतून काढल्यावर, अनाथ तर ती होतीच, म्हातारी शेजारपाजारी कुठे तरी जाऊन राहू लागली, एवढेच सप्रे सांगतात. कोणाच्या घरी, किती दिवस, काय खाल्ले, याचा तपशील नाही. पण नातीला घेऊन ती ज्या दारात उभी राहिली ते दार कोणी तरी उघडले असणार. त्या माणसाजवळ वाडा नव्हता, वकील नव्हते. त्याने मालकी सांगितली नाही आणि उपकाराची नोंद ठेवली नाही. तो नाथ नव्हता. शेजारी होता. त्याचे नाव लेखकाने लिहिले नाही, कारण त्या काळच्या वाचकाला ते सांगण्याची गरज वाटली नसावी. आज जी वस्ती वाढते, शंकर नगर असो वा दुसरी कोणती, तिच्याविषयी विचारण्याजोगा प्रश्न एवढाच आहे : रात्री एखादी म्हातारी लहान मुलीचा हात धरून आली, तर कोणते दार उघडेल हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे काय?